गाण्याखालचा आवाज

डोंगलच्या फटीत कुंकू अडकलं होतं. नखानं खरवडलं तरी निघेना. बोटाच्या पेराएवढं ते निळं प्लास्टिक, त्याला लाल दोरा गुंडाळलेला, म्हणजे कसालच्या व्हिडिओवाल्या मंगेशनं दर दसऱ्याला कॅमेऱ्याबरोबर यालाही हळदकुंकू लावलेलं, आणि ते वर्षावर्षानं थर धरत आत गेलेलं... किशोरीनं पुसायचं सोडलं आणि ते तसंच कॉम्प्युटरला लावलं. हे लावल्याशिवाय मंगेशचं जुनं एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि ते उघडल्याशिवाय त्यात साठवलेलं एकही लग्न उघडत नाही. कंपनी बुडून दहा वर्षं झाली. मालक मेला, कुलूप शिल्लक. लग्न तुमचं, तोंडं तुमची, रडणं तुमचं – आणि बघायला किल्ली परक्याची. हे ज्यानं शोधून काढलं त्याला आमच्या वाडीत सहज मान मिळाला असता.

कट्टा गावच्या एसटी थांब्यासमोर तिचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी, जुन्या फायली कुठल्याही मोबाइलवर चालतील अशा करून देणं. आज समोर होतं ते दादाच्या, गुरुप्रसादच्या लग्नाचं शूटिंग. पंधरा वर्षांपूर्वीचं. त्या लग्नाला सख्ख्या बहिणीला बोलावणं नव्हतं, कारण सख्खी बहीण दोन वर्षं आधी सिडनीशी लग्न करून बसली होती, आणि सिडनी रविवारी चर्चमध्ये जातो.

चार दिवसांपूर्वी दादा दुकानात आला. सतरा वर्षांनी. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक.

“मंगेश म्हणालो, ह्या काम तुकाच जमता,” पंख्याकडे बघत म्हणाला.

“बस तरी.”

“नको. गाडी उन्हात आसा.”

गाडी वितळणार होती जशी काही.

काम बाबांचं होतं. बाबा, म्हणजे बाबली गावकर, वाडीतल्या प्रत्येक लग्नात भगवतीला गाऱ्हाणं घालायचे. हात जोडून देवीपुढे एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्यासाठी मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या पुरुषांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटलं की मागणं देवीपर्यंत पोचलं. नाही म्हटलं तर... नाही म्हटलं असं कधी झालंच नाही, म्हणून त्याचं पुढे काय होतं हे कुणाला ठाऊक नाही. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आता पोरं मोबाइलमध्ये बघून गाऱ्हाणं घालतात आणि मधेच कुणाचा तरी फोन येतो. म्हणून देवळाच्या कमिटीला आपल्या नव्या वेबसाइटवर बाबांचं गाऱ्हाणं हवं होतं.

“साइटवाल्याक ही फाइल उघडणा नाय. तो म्हणता वेबएम करून देवा, म्हणजे कोणाच्याय मोबाइलवर दिसात. कोणाची परवानगी नको, काय नको.”

“बाबांका चालात? मी हात लावलेला?”

दादानं हार्डडिस्क टेबलावर ठेवली, वर डोंगल ठेवलं, आणि गाडीकडे गेला.

चालेल की नाही हे तिला त्यानंच सांगून ठेवलं होतं. स्वतःच्या लग्नानंतर आठ दिवसांनी फोन करून, मुद्दाम – “घरातल्या सगळ्यांची नावां घेतल्यानी बाबांनी गाऱ्हाण्यात. तुजा घेवक नाय. म्हायत आसूंदे.” तेवढं एक वाक्य. ते मी पंधरा वर्षं सांभाळलं, लोक सोनं सांभाळतात तसं. बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा सिडनीनं स्कूटर काढली होती. वाडीकडे वळणाऱ्या धामापूरच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथून तळ्याचं पाणी दिसायला लागलं आणि मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, “जावया गो. बापूस आसा तुजो.” मी म्हटलं, “त्येणी माजा नाव घेवक नाय.” त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्कूटर वळवली. वळवताना काही बोलला असता तर बरं झालं असतं...

फाइल उघडली. नेहमीच्या सवयीनं तिनं ‘वेबएम’ निवडलं, बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: चित्र एक, आवाज दोन. बदलताना सॉफ्टवेअर आपणहून पहिला आवाज घेतं, दुसरा टाकून देतं, सांगतसुद्धा नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ती बघतही नसे.

पहिला लावला. बाबांचं बोलणं, व्हय म्हाराजा, बोलणं, व्हय म्हाराजा – आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर एकदम सनई. चांगलं अर्धं मिनिट सनई, बाबांचे ओठ हलताहेत, हात जोडलेले, आणि वर सनई. मग परत बाबा, भाताचं पीक, गुरंढोरं, व्हय म्हाराजा.

मंगेश वाईट एडिटर होता, पण इतका वाईट नव्हता.

तिनं हेडफोन चढवले. बाहेर मालवणला जाणारी एसटी लागली होती, कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता. दुसरा आवाज लावला. नुसता माइकचा, मंगेशनं सनई घालण्याआधीचा.

“...माज्या गुरुप्रसादाक, येणाऱ्या सुनेक सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि बाय माजे भगवती, माजी किशोरी. ती खंय आसा, कशी आसा, ता तुका म्हायत. तिच्या पायात काटो रुतलो तर काढूक मी नाय थंय. तू थंय उभी रव.”

आणि काही नाही.

एक सेकंद. दोन. कोंबडा आरवला. कुणीतरी खुर्ची सरकवली. चाळीस-पन्नास पुरुष उभे होते चित्रात, इस्त्रीचे सदरे घालून, सगळ्यांची तोंडं मला ओळखीची, यातल्या निम्म्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली आहे... तीन. चार. एकाचंही तोंड उघडलं नाही. बाबांनी मान मागे वळवली.

“व्हय म्हणतास मां रे?”

मग दादा. मुंडावळ्यांतून, दबक्या आवाजात –

“बाबा, फुडे चला.”

आणि बाबा पुढे चालले. भाताचं पीक. गुरंढोरं.

तिनं मागे नेऊन परत ऐकलं. परत. नाव घेतलं होतं. पण पुढे चालले. एकदा विचारलं आणि पुढे चालले. खंय आसा ते देवीला म्हायत... आणि तुम्हाला नव्हतं बाबा? अर्ध्या तासाची वाट. उलट मी कट्ट्यात राहते म्हणून तुम्ही इथला मंगळवारचा बाजार सोडून दिलात. देवीला उभी राहायला सांगितलंत, म्हणजे तुम्हाला यायला नको. आणि तरी – पन्नास जणांसमोर, पोराच्या लग्नात, नाव घेतलंत. मी फाट्यावरून परत फिरले तेव्हा तुम्ही तिरडीवर होतात.

फोन वाजला. दादा.

“झाला काय गो?”

“होता आसा. दादा, फायलीत दोन आवाज आसत. एक सनयेचो, एक नुसत्या माइकचो. खंयचो ठेवू?”

फोन गप्प. तिनं मोजलं. चार कधीच होऊन गेले.

“माइकचो... गेलो नाय तो?”

म्हणजे मंगेशशेजारी बसून ह्यानंच जागा दाखवली होती. वर सनई घातली की खालचं पुसलं जातं, असं वाटलं होतं बिचाऱ्याला.

“नाय गेलो.”

“सनयेचोच ठेव. लोकांका बरा वाटता.” मग, “तू आयकलंस?”

“आयकलंय.”

“बाबांचा डोक्या त्या दिवसांत ठिकाणार नव्हता. तू मनाक लावन घेव नको.”

तिनं फोन पालथा ठेवला. माझं नाव घ्यायला बापाचं डोकं फिरायला लागतं तर.

पडद्यावर दोन चौकोन. दोन्हींवर खूण केली तर दोन्ही आवाज फायलीत राहतील, पण साइटवर वाजणार पहिलाच. पहिला कुठला, ते तिनं ठरवायचं. माइकचा ठेवला तर सगळी वाडी आपापल्या मोबाइलवर तिचं नाव ऐकेल, आणि त्यानंतरचं आपलंच गप्प बसणं ऐकेल. ऐकू दे. मग बाबांचं पुढे जाणंही ऐकतील... आणि फाट्यावरून वळलेली स्कूटर? ती कुठल्याच आवाजात नाही. ती फक्त मला ऐकू येते.

सनई ठेवली तर दादा सुटतो. पन्नास जण सुटतात. बाबाही सुटतात, आणि मी पण.

तिनं परत अकरा-चाळीसवर आणलं. “तू थंय उभी रव.” कोंबडा. खुर्ची. तिचे ओठ हलले, तो शब्द तोंडात आला होता – पण आपल्याच नावाला आपण व्हय म्हणायचं नसतं, तो दुसऱ्यांनी द्यायचा असतो, आणि हा असला नियम आपल्याला अजून पाठ आहे, अजून आडवा येतो, याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं ते त्याचंच, असं तिनं स्वतःला सांगितलं. बोटाला कुंकू लागलं होतं. पुसायला ड्रेसकडे नेलेला हात तिनं तसाच माउसवर आणला.

पंधरा वर्षं राग एकट्या बाबांवर बसून होता, ऐसपैस, घरचा असल्यासारखा. तो आता उठून उभा राहिला होता. होता तेवढाच होता, तसूभर कमी नाही. फक्त बसायला जागा सापडत नव्हती त्याला. दादाकडे वळत होता, त्या सदऱ्यांकडे वळत होता, फाट्याकडे वळत होता, आणि परत दुकानात येऊन तिच्यासमोर नुसता उभा राहत होता.