झाकण घट्टच होते

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. लगेच नाक मुरडू नका. मी डब्याचे किंवा बरणीचे नव्हे, एका छोट्या ट्रकच्या पेट्रोलच्या टाकीचे झाकण आहे. रंगाने काळे, तळहाताएवढे, पाठीवर धरायला मूठ आणि आतल्या बाजूला रबराचे कडे. हल्ली माझा मुक्काम एका सुतारकामाच्या कारखान्यात, खिडकीच्या फळीवर असतो. माझ्यात कोणीतरी चार आखूड खिळे ठेवले आहेत. मी तक्रार करत नाही, पण एके काळी माझ्यावर चोरीचा नव्हे तरी चोरीइतकाच मोठा आळ आला होता, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म साच्यात झाला. एका दिवसात माझ्यासारखी हजारभर भावंडे जन्मली, त्यामुळे बालपणाचे काही विशेष आठवत नाही. खरे आयुष्य सुरू झाले ते ट्रकवर बसल्यावर. तो ट्रक एका सुताराचा होता. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबा कपाटे करायचे आणि स्वतःच ट्रकमधून पोचवायचे. कपाट भिंतीला नीट टेकले, दार आवाज न करता मिटले, घरातल्या बाईने त्यावरून एकदा हात फिरवला, की बाबांचे काम संपायचे. तो हात फिरताना बघायला मिळावा म्हणून ते हमाली करायलाही तयार असत.

माझे काम काय, असे तुम्ही विचाराल. पेट्रोल हे मोठे चुळबुळे. उन्हात त्याची वाफ होते आणि वाफ पळायला टपलेली असते. ती हवेत सुटू नये म्हणून टाकीपासून एक रबरी नळी निघते आणि कोळशाच्या एका डब्यात जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो, मग इंजिन सुरू झाले की ती ओढून घेते आणि जाळून टाकते. या वाटेवर कुठेही, अगदी दाभणाने पडावे एवढे भोक पडले, तरी चालकासमोर पिवळा दिवा लागतो. या वाटेचे वरचे दार म्हणजे मी. बाबा मला बसवून पिळायचे आणि तीनदा टकटक झाल्याशिवाय हात काढायचे नाहीत. चौदा वर्षांत एकदाही त्यांनी दोनावर भागवले नाही. ते दिवस आठवले की अजून माझे रबर मऊ होते.

मग एके दिवशी तो दिवा लागला.

तोवर बाबांनी सत्तरी गाठली होती आणि कारखान्याचा कारभार मुलगी बघत होती. हुशार, हाताला वेग, जिभेलाही वेग. तिने दिव्याची माहिती काढली. सगळीकडे एकच उत्तर, आधी झाकण तपासा. ती खाली उतरली, मला एकदा पिळले आणि म्हणाली, "बाबा, झाकण सैल होतं."

मी सैल नव्हते! पण झाकणाला तोंड बंद ठेवायची शिकवण असते, उघडायची नाही.

"लावलं होतं गं मी," बाबा म्हणाले.

"राहिलं असेल. होतं असं."

तिने एक छोटे यंत्र आणले होते. ते लावले की दिवा विझायचा. दिवा पुसला जायचा, दुखणे तसेच. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा लागायचा. पेट्रोल भरायचे काम बाबांचे, त्यामुळे खापर त्यांच्यावरच फुटायचे. आता खरे सांगायचे, तर बाबा विसरू लागले होतेच. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. पेन्सिल कानामागे आणि हाक मुलीला. त्यावर घरात हशा पिकायचा आणि बाबाही हसायचे. पण झाकणावरून कोणी हसले नाही. "आज झाकण विसरता, उद्या चढावर हातब्रेक विसराल," मुलगी म्हणाली. तिला बाबांची खरोखर काळजी वाटत होती, म्हणूनच ते शब्द जास्त लागले.

शेवटी तिने नवे कोरे झाकण आणले आणि मला काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! बाबांनी मला कचऱ्यात जाऊ दिले नाही. कामाच्या एप्रनच्या खिशात टाकले. तिथे लाकडाच्या भुशात पडून पुढचे सगळे मी ऐकले.

नव्या झाकणावरही दिवा लागला. आता तर झाकणाला दोष देता येईना, म्हणून उरला तो बाबांचा हात. बाबांनी काचेजवळ चिठ्ठी चिकटवली, ‘झाकण लावले का?’ गाडी सुरू करायचे, बंद करायचे, उतरून बघायचे. एकदा कपाट पोचवायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून नुसते झाकण बघायला थांबले. तिथून निघाले, तर पुढच्या वळणावर पुन्हा थांबले. ज्या माणसाने डोळे मिटून फळीची जाडी सांगावी, त्याला स्वतःच्या हाताने काय केले ते सांगता येईना. माझे मन भरून यायचे.

एका सकाळी त्यांनी ट्रकची किल्ली मुलीच्या समोर, रंध्याशेजारी ठेवली.

"घे. तूच चालवत जा."

"बाबा, रागावलात?"

"छे. मला लावल्याचं आठवतं गं. पण आता त्या आठवणीवर माझाच भरवसा नाही."

मुलीने किल्ली घेतली. त्या दिवसापासून कपाटे ती पोचवू लागली. बाबा फाटकापर्यंत जायचे, ट्रक वळेपर्यंत उभे राहायचे आणि परत येऊन पालिश केलेल्या फळीलाच पुन्हा पालिश करायचे.

तीन आठवडे गेले. मग एका दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, चला, मिस्त्रीकडे जाऊन येऊ." का ते सांगितले नाही.

या मिस्त्रीला सगळे नाक्या म्हणत. तरुणपणी तो गाडीभोवती एक फेरी मारून, नुसते हुंगून पेट्रोल कुठून गळते ते सांगायचा. आता त्याने धुराचे यंत्र घेतले होते. "नाकाचं वय झालं," तो म्हणाला, "डोळ्यांवर भागवतो." बाबांनी खिशातून मला काढून त्याच्या हातावर ठेवले. "आधी हे बघ. जुनं आहे, पण मला वाटतं चांगलं आहे." ‘मला वाटतं’ म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

नाक्याने नवे झाकण काढून मला टाकीवर बसवले. कोळशाच्या डब्याचे बाहेरचे तोंड बंद केले. मग इंजिनाजवळच्या नळीतून हलक्या दाबाने पांढरा धूर आत सोडला. गंमत सोपी आहे. वाफ दिसत नाही, धूर दिसतो. तो आत कोंडला की भोक असेल तिथून बाहेर येणारच. धूर टाकीत भरला, माझ्या रबराला येऊन टेकला. मी जीव खाऊन धरून ठेवले. नाक्याने माझ्याभोवती बॅटरी फिरवली. धुराचा एक धागासुद्धा सुटला नाही.

"झाकण ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हे काढलंत कशाला?"

आणि मग मागच्या डाव्या चाकाच्या वरून, अगदी सावकाश, एक पांढरी रेघ वर आली.

नाक्या पाठीवर झोपून खाली सरकला. "सापडलं! नळीला चीर आहे. आणि लोखंडावर घासल्याची खूण. इथे आकडा कोण अडकवतं?"

कपाट दोरपट्ट्याने बांधतात. त्या पट्ट्याचा लोखंडी आकडा वरच्या कडीत अडकवायचा, असा बाबांचा नियम. मागची डावी कडी तुटली होती. कपाट ट्रकमध्ये चढवून बांधायचे काम मुलीचे; घाईत ती आकडा खाली, ट्रकच्या सांगाड्याच्या भोकात अडकवायची, आणि त्या भोकाला लागूनच नळी जात होती. प्रत्येक खेपेला आकडा नळीला थोडा थोडा चावत होता.

"मी," मुलगी म्हणाली.

बाबांचे तिच्याकडे लक्षच नव्हते. ते त्या धुराकडे बघत होते. "म्हणजे मी लावत होतो," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "मी लावत होतो."

मुलगी त्यांच्याजवळ गेली. "तुम्ही किल्ली दिल्यावरसुद्धा दिवा लागला होता, बाबा. पेट्रोल मीच भरलं होतं. चार दिवस तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही." आणि ती, इतकी फटकळ, हुंदका देऊन रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात भुशाने माखला होता, तिचे केस पांढरे झाले.

नाक्याने चिरलेला तुकडा कापला, नवी नळी घातली, दोन्ही टोके आवळली, तुटलेली कडी जोडून दिली. पुन्हा धूर सोडला, तो कुठूनही आला नाही. मला मात्र बाबांनी परत काढू दिले नाही. नवे झाकण त्यांनी स्वतःच्या खिशात टाकले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. दिवा एका मिनिटात विझला, पण बाबांचा स्वतःवरचा भरवसा एका मिनिटात परत आला नाही. किल्ली त्यांच्याकडे आली, तरी कितीतरी दिवस ते निघण्यापूर्वी माझ्याजवळ येऊन उभे राहायचे, हात लावायचे, पुन्हा लावायचे. मुलगी हातातले काम टाकून यायची, बघायची आणि म्हणायची, "लागलंय, बाबा. तुम्हीच लावलंय." हे तिने न कंटाळता पुढचा उन्हाळा येईपर्यंत केले. मग एका सकाळी ती आली, तेव्हा ट्रक फाटकाबाहेर गेला होता. मागे वळून न बघता.

आता बाबा नाहीत, ट्रकही नाही. माझे एवढेच मागणे आहे. दिवा लागला तर खाली वाकून बघा, कपडे मळू द्या, धूर सोडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही विसरलात" असे म्हणण्याआधी तेवढेच नीट बघा. नळी बदलून मिळते. बाबांचे ते तीन आठवडे कोणाला परत देता आले नाहीत.