दीपगृहाचा गेम

जपानमधल्या ओनोमिची गावाच्या चढावर राहणाऱ्या तेत्सुरो मिझुकोशीचा डावा हात पक्षाघाताने गेला. तरुणपणी तो व्हिडिओ गेमचे प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याची बायको फुमियो त्याच कंपनीत चित्रं काढायची. दोघांनी मिळून केलेल्या दीपगृहाच्या गेमच्या लोकांनी इतक्या चोरट्या प्रती वाटल्या, की कंपनी बुडाली. तेव्हापासून एम्युलेटरचं, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून संगणकावर चोरलेले गेमही चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नावही घरात काढायची सोय नव्हती.

हॉस्पिटलमधून आल्यावर त्याने आपलाच गेम लावून पाहिला. कंट्रोलर दोन हातांचा. पहिल्याच पुलावरून गेममधला खलाशी सारखा पाण्यात पडू लागला. तेत्सुरोने यंत्र बंद केलं आणि कपाटात ठेवून दिलं.

फुमियोने मग कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली यंत्रात खुपसायची डबी, वाचणारं एक उपकरण मागवलं, लॅपटॉपवर एम्युलेटर बसवून गेमची प्रत त्यावर घेतली आणि एका हाताने दाबता येतील अशी मोठी बटणं जोडली.

"चोरांचं हत्यार घरात आणलंस?" तो म्हणाला.

"कार्ट्रिज आपलं, प्रत आपल्यापुरती. यात चोरी कुठली? गेम नेटवरून फुकट उतरवला असता तर बोलायचं होतं. आणि हा प्रोग्रॅम कोणीतरी स्वतः डोकं फोडून लिहिलाय, तुमच्यासारखंच."

त्याने लगेच हात लावला नाही. आधी त्या प्रोग्रॅमची मूळ कोड उघडून वाचत बसला, चुका शोधायला. दोनतीन दिवसांनी जेवताना आपणहून म्हणाला, "जुन्या यंत्राच्या खोडीसुद्धा उचलल्यात गं यांनी. प्रेमाने केलंय काम." त्याच संध्याकाळी एम्युलेटरमध्ये गेमचा वेग निम्मा करून त्याने पूल ओलांडला. फुमियोने काढलेलं पलीकडचं गाव कितीतरी वर्षांनी समोर आलं. तो तिथेच थांबून पाहत राहिला.

बातमी त्याचा मित्र नागामिने, मासळीवाला, याच्या कानावर गेली. गेमची प्रत न्यायला तो पेन ड्राइव्ह घेऊनच आला.

"नाही," तेत्सुरो म्हणाला.

"अरे, कंपनी कधीच बुडाली. कोण बघतंय?"

"बुडाली तरी हक्क कोणाचे तरी आहेतच. खेळायचं असेल तर इथे ये."

नागामिने फणकाऱ्याने निघून गेला. आठवडाभर फिरकला नाही. मग एका दुपारी सुकवलेले बांगडे घेऊन आला, पेन ड्राइव्हचा विषय न काढता गेम खेळणाऱ्या तेत्सुरोशेजारच्या आसनावर बसला आणि म्हणाला, "सरक जरा, मला दिसत नाहीये."