कंपनीचा रंग

मॉरिसने भिजवलेल्या पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा बोटाच्या टोकावर धरला आणि उलट्या ठेवलेल्या मोअरच्या पत्र्यावर, आतल्या अंगाला, नटाच्या मागे हलकेच घासायला सुरुवात केली. तिथे कुणाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं. तरी त्याने शेडचं दार आतून लावून घेतलं होतं आणि मधूनमधून तो खिडकीतून घराकडे बघत होता.

गवत कापायचा हा हाताने ढकलायचा मोअर त्याच्या वडिलांच्या वयाचा होता. आणि तो त्याचा नव्हता, डेस्मंडचा होता. डेस्मंडने घर विकलं आणि तो हल शहरात मुलीकडे, हेदरकडे, राहायला गेला. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन कुंड्या ठेवायची मारामार, मोअर कुठे ठेवणार? म्हणून जायच्या आदल्या दिवशी त्याने तो मॉरिसच्या शेडमध्ये आणून ठेवला, वरून चादर घातली आणि चादरीची टोकं खाली नीट खोचली.

"तुझाच समज," तो म्हणाला होता. "पण रंगाला हात लावलास तर याद राख. कंपनीचा रंग आहे."

"माहीत आहे रे बाबा. ऐकून ऐकून कान किटले माझे."

कान किटले होते हे खरंच. जुन्या मोअरांचा नाद असलेल्यांचं त्यांचं मंडळ होतं, आणि मंडळात दोन तट होते. एक रंगवाल्यांचा. गंजलेलं यंत्र आणायचं, सुटं करायचं, घासूनपुसून उघड्या लोखंडावर यायचं आणि पुन्हा नव्यासारखं रंगवायचं. मॉरिस त्यांतला. दुसरा तट तेलाच्या फडक्याचा. त्यांच्या मते आहे त्या रंगाला, आहे त्या गंजाला हात लावायचा नाही, फक्त तेलाचं फडकं फिरवायचं. डेस्मंड त्या तटाचा म्होरक्या. "रंगवलं की यंत्र मेलं," असं तो चारचौघांत म्हणायचा. रेज नावाच्या एका भल्या माणसाने आपला जुना मोअर रंगवून मेळाव्यात आणला, तेव्हापासून डेस्मंडने त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आणि दर उन्हाळ्याच्या मेळाव्यात 'जसंच्या तसं' या गटाचं बक्षीस डेस्मंडच्या मोअरला ठरलेलं.

मॉरिस बसगाड्यांच्या डेपोत फिटर होता. निवृत्त झाल्यापासून त्याला एका जागी बसवत नसे. या वर्षी त्याचे स्वतःचे सगळे मोअर रंगवून झाले होते, आणि समोर चादरीखाली तो एक उभा. सकाळी शेडमध्ये यायचं, चादर उचलायची, बघायचं, पुन्हा टाकायची. हाताला नुसती खाज सुटायची. शेवटी आज त्याने स्वतःला सांगितलं की रंग लावायचा नाही, फक्त बघायचं आहे. खाली काय आहे ते.

हिरवा पापुद्रा गेला. त्याखाली, रंगाआधी लोखंडाला देतात ते तपकिरी अस्तर दिसायला हवं होतं. पण खाली दिसला तो पुन्हा हिरवाच, जास्त गडद, बाटलीच्या काचेसारखा. त्याच्याखाली मग तपकिरी अस्तर, आणि मग लोखंड.

मॉरिसने टॉर्च जवळ नेला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं. वरच्या रंगात ब्रशचा एक केसही अडकलेला त्याला आता दिसला.

हा कंपनीचा रंग नव्हता. कंपनीचा रंग खाली होता, आणि त्याच्यावर कुणीतरी घरच्या घरी, अस्तरबिस्तर न लावता, हिरवा रंग चोपडला होता. इतकी वर्षं डेस्मंड ज्याच्यावरून लोकांशी भांडला, ज्याच्यावर बक्षिसं घेतली, तो कुंपणाच्या फाटकाला लावतात तसला रंग होता.

मॉरिसला पहिल्यांदा आनंद झाला. अगदी लबाड, पोरकट आनंद. तो उकिडवा बसल्या बसल्याच हसला. मग त्याला त्याची लाज वाटली, आणि मग डेस्मंडची कीव आली. बिचाऱ्याला कुणीतरी फसवून विकला असणार. आणि त्यानंतर आली ती नेहमीची खाज, या वेळी चांगलं कारण घेऊन.

"फोन कर ना त्याला," जेवताना ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस म्हणजे त्याची बायको. मोअरमधलं तिला काही कळत नसे, नवऱ्यामधलं मात्र सगळं कळायचं. "एवढं पोटात राहत नाहीये तर सांगून मोकळा हो."

"काय सांगू? तुझा अभिमान फाटकाच्या रंगाचा आहे म्हणून?"

"मग गप्प बस."

"आणि उद्या मंडळातल्या कुणी बघितलं तर? छी थू होईल त्याची. त्यापेक्षा मी तो वरचा थर काढतो. खालचा खरा रंग मोकळा करतो. म्हणजे त्याने इतकी वर्षं जे सांगितलं ते खरं होईल."

ग्लेनिसने काटा खाली ठेवला.

"मॉरिस, तुला तो रंगवायचाय. डेस्मंडचं नाव कशाला पुढे करतोस?"

जेवण अर्धं टाकून तो उठला, आणि फोनच्या शेजारून चालत शेडकडे गेला. फोन केला असता तर डेस्मंड नको म्हणाला असता, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याने केला नाही.

वरचा थर जपून काढायचा त्याचा खरोखरच विचार होता. पण रंग असा सांगू तेवढाच निघत नाही. वरचा निघताना खालचाही सुटू लागला. आत जागोजागी गंज धरलेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजूचे दोन्ही पत्रे उघडे पडले, तिसऱ्या दिवशी गवताची पेटी आणि दांडा. आता मागे फिरायला वाट नव्हती. मूळ गडद रंगाची एक खपली त्याने रुमालात गुंडाळून दुकानात नेली आणि तंतोतंत तसाच रंग मिसळून आणला.

पुढचे आठवडे मॉरिसला झोप नीट लागेना. दिवसा रंगाचा हात देताना तो खुशीत असायचा, शीळ घालायचा. रंग वाळत घालून घरात आला की पायाला भिंगरी. उठायचं, किटली चढवायची, चहा न पिताच बागेत जायचं. फोन वाजला की दचकायचा. एकदा डेस्मंडचाच फोन आला.

"माझी म्हातारी कशी आहे?" डेस्मंडने विचारलं. मोअरला तो म्हातारी म्हणायचा.

"आहे. चादर पांघरून झोपली आहे."

"तेल दिलंस?"

"देतोय की."

"रविवारी हेदर घेऊन येते आहे मला. जेवायलाच येतो. हल म्हणजे काय रे, नुसता वारा. बोलायला कुणी नाही."

मॉरिसने फोन ठेवला. एवढ्या वर्षांत त्याला एकच मित्र असा होता, ज्याच्याशी दर शनिवारी कडकडून भांडता येत असे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा भांडायला तो यायचा. रेजसारखी आपली गत झाली तर? हा प्रश्न त्याला आधीही पडला होता, पण तेव्हा हातात ब्रश होता.

रविवारी डेस्मंड आला. काठी घेऊन, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. हेदर म्हणाली, "मॉरिसकाका, सकाळपासून बाबांनी डोकं उठवलंय. आधी शेड, मग जेवण." ग्लेनिसने मॉरिसकडे बघितलं आणि ती हेदरला घेऊन आत गेली.

शेडमध्ये मॉरिसने चादर काढली. तोंडात शब्द तयार होते, रात्रभर घोळवलेले. पण आधी तो नुसताच बाजूला झाला.

मोअर नवाकोरा होता. गडद हिरवा, पात्यांच्या रुळाला लाल, पितळी पट्टी लख्ख. मॉरिसने आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं काम होतं आणि ते त्याला माहीत होतं.

काठी भिंतीला टेकवून डेस्मंड वाकला, आणि बाजूच्या पत्र्यावरून त्याने तळवा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"डेस, तो कंपनीचा रंग नव्हता," मॉरिस घाईघाईने म्हणाला. "वरून कुणीतरी फासलेला होता. तुला फसवलं रे विकणाऱ्याने. खाली हा होता, बघ, हाच. मी खपली नेऊन..."

"वरच्या रंगाला अस्तर नव्हतं ना?"

मॉरिस थांबला.

"तुला कसं माहीत?"

"मीच आणलं होतं की हे यंत्र गंजलेलं, भंगारातून. घासायला घेणार, तेवढ्यात मला दवाखान्यात ठेवलं. पोटाचं ऑपरेशन." डेस्मंड अजून मोअरकडेच बघत होता. "घरी आलो तर ओलिव्हने रंगवून ठेवलेलं. मला खूश करायला. मागच्या फाटकाचा रंग उरला होता तो. अस्तर नाही, काही नाही, गंजावरूनच मारला होता. दारात उभी होती, नाकाला रंग लागलेला. म्हणाली, बघ, तुझं काम वाचवलं."

ओलिव्ह डेस्मंडची बायको. मॉरिसने तिला एकदोनदाच पाहिलं होतं. तो मंडळात आला त्याच वर्षी, हिवाळ्यात, ती गेली.

"तू काय म्हणालास तिला?"

"फार छान झालंय म्हणालो. काय म्हणणार? मनात म्हटलं, बरा झालो की हळूच काढू. तर त्याच्या आतच ती..." त्याने हाताने काहीतरी झटकलं. "मग पुढच्या मेळाव्याला नुसतंच घेऊन गेलो, घरात बसवेना म्हणून. तिथे परीक्षक म्हणाला, वा, कंपनीचा रंग, काय टिकलाय. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, बरं झालं. आता हा रंग काढ असं मला कुणी सांगणार नाही."

बाहेर घरातून भांड्यांचा आवाज येत होता. मॉरिसला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. त्याने ते खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"मला सांगायचं नाही का, गाढवा?" तो म्हणाला.

"तुला? अख्ख्या मंडळात बोंब मारली असतीस." डेस्मंड किंचित हसला. मग विचारलं, "खरवडलेलं काय केलंस?"

"काय?"

"रंग. निघालेला."

"पिशवीत भरला होता." मॉरिसने जमिनीकडे बघितलं. "कचऱ्याच्या गाडीत गेला. केव्हाच."

डेस्मंडने मान हलवली. त्याने काठी घेतली नाही. तो तिथेच, दांड्याला धरून उभा राहिला.

"शिवी तरी दे मला, डेस. रेजशी बोलणं टाकलंस तसं माझ्याशीही टाक वाटलं तर. पण असा उभा राहू नकोस."

"देईन. आत्ता सुचत नाही." दांड्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "काम चांगलं केलंयस. मेल्या, कंपनीने पण असं केलं नव्हतं." आणि मग, "पाती लावलीस?"

"लावली. कागद कापून बघितला. सरळ कापतात."

"दार उघड."

मॉरिसला वाटलं तो जायला निघाला. त्याने दार उघडलं. पण डेस्मंडने दांडा दोन्ही हातांनी धरला, मोअर उंबऱ्यावरून खाली उतरवला आणि हिरवळीवर नेला. ओलिव्ह गेल्यापासून इतक्या वर्षांत हा मोअर कधी गवतावर गेला नव्हता. गाडीतून उचलून मेळाव्याच्या टेबलावर, टेबलावरून उचलून गाडीत. थेंब पडला तरी डेस्मंड कोट काढून त्याच्यावर घालायचा.

"डेस, अरे, गवत ओलं आहे," मॉरिस मागून म्हणाला.

"असू दे."

पाती किर्र वाजू लागली. डेस्मंड वाकून, लहान लहान पावलं टाकत, कुंपणाच्या दिशेने ढकलत निघाला. पट्टा वाकडा पडत होता. नव्या रंगावर कापलेल्या गवताच्या ओल्या काड्या चिकटत होत्या, आणि ग्लेनिस आणि हेदर दोघीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुंपणाशी पोचल्यावर त्याने मोअर वळवला, बाहीने नाक पुसलं आणि तो परत यायला लागला.

मॉरिस त्याच्या वाटेतून बाजूला झाला.