चार नंबरचं झाड

फुलसिंगची संत्र्याची बाग दिग्रसजवळ, तांड्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि घरही बागेतच. त्यातल्या सहा झाडांना चाळीस दिवस थेंबभरही पाणी द्यायचं नाही, असं यंदा ठरलं होतं. पाणी तोडून ताण दिला की संत्र्याला फुलं लागतात, एवढं त्याची बायको रुपीबाई लग्नाआधीपासून जाणत होती. का लागतात, ते शोधायला नुजहत येत होती. दिग्रसला पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या निजामुद्दीनची ही मुलगी विद्यापीठात पीएच.डी. करत होती. दर सोमवारी ती सहाही झाडांची पानं खुडायची, वाफा सोडणाऱ्या थंडगार टाकीत बुडवायची आणि घेऊन जायची. फुलांचं जनुक प्रत्येक पानात असतंच, पण झोपलेलं, असं ती सांगायची. झाड तहानलं की ते जागं होतं, आणि किती जागं झालं ते प्रयोगशाळेतल्या यंत्रावर कळतं.

फुलसिंगनं त्या झाडांच्या ठिबकच्या नळ्या तारेनं आवळल्या आणि आपल्या शब्दावर विद्यापीठाचं काम चाललंय, असं तांडाभर सांगत सुटला. रुपीबाईला त्याच्या फुशारकीपेक्षा, तांड्यातल्या पोरांसारखं तिला 'याडी', म्हणजे आई, म्हणणाऱ्या पोरीचंच कौतुक जास्त होतं. सोमवार आला की ती चहाला आलं जरा जास्तच घालायची.

पाचव्या सोमवारी नुजहत आली ती तोंड उतरवून. रुपीबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पाच झाडांचं जनुक छान जागं झालंय आणि चार नंबरचं ढिम्म हलत नाही. तिनं तीनदा तपासलं. तिचे सर म्हणाले, तुझाच हात चुकलाय, नमुने एकमेकांत मिसळलेत; सगळं टाकून दे आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून कर.

"यंत्र म्हणते का हे झाड रोज पाणी पिते," नुजहत म्हणाली. "सर म्हणतात का मीच गडबड केली. याडी, मले तर माह्या हाताचाच भरोसा नाही राह्यला."

फुलसिंग खवळलाच. त्यानं शपथा घेतल्या, तारा ओढून दाखवल्या, यंत्रालाच खोटं ठरवलं.

रुपीबाई मात्र चहाचं भांडं हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. रोज सकाळी घागरीतलं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, ही तिची आईच्या घरापासूनची रीत. ते पाणी वाटेत कशाला फेकायचं, म्हणून दारातल्या झाडाच्या बुडाशी रोज दोन घागरी रित्या व्हायच्या. तेच झाड चार नंबरचं. पाणी देणं म्हणजे मोटार चालू करणं, आणि शिळं पाणी ओतणं म्हणजे घागर विसळणं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गप्प राहिली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. बोललं तर तांड्यात नवऱ्याचं हसं होणार, हेही तिला दिसत होतं. पण पोरीचे डोळे भरून आले आणि तिला राहवेना. तिनं झाडाखालचा पालापाचोळा पायानं बाजूला सारला. खालची माती काळीभोर, ओली.

फुलसिंगचा आ वासला तो वासलाच. नुजहत क्षणभर मातीकडे पाहत राहिली, मग बांधावर बसून पोट धरून हसायला लागली. फुलसिंगला हसावं की रागवावं, कळेना.

"लाव तुया सरले फोन," रुपीबाई म्हणाली.

फोन लागला तसा तिनं तो पोरीच्या हातून घेतला.

"साहेब, पोरीचा हात नाही चुकला. पाणी म्या टाकलं, रोज दोन घागरी. तुमचं यंत्र खरं बोलून राह्यलं, अन् हे पोरगीबी."

 पलीकडून सरांनी जरा नरमाईनं विचारलं, की बाई, घागर किती लिटरची आहे. आणि नुजहतला सांगा, एकही पान टाकू नकोस म्हणावं, पाणी प्यायलेलं झाडही तुलनेला लागेल.