गळ्यावरचे कुंकू

मित्रांनो, मी कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका बंद कारखान्याच्या फळीवरचा जुना काचेचा चंबू आहे. माझ्या गळ्याच्या आत एक बारीक ओरखडा आहे. त्याने एका भल्या माणसाचा घात केला.

श्यामकांतांनी मला स्वातंत्र्याच्या वर्षी आणले. ते तापावरची पूड बनवत. कलकत्त्याच्या दमट हवेत ती चिकट होई. चार वर्षे खपून त्यांनी माझ्यातच तिचे सुईसारखे स्फटिक पाडले. ते पावसाळ्यातही कोरडे राहत. श्यामकांतांनी पेटंटसाठी अर्ज केला. कारखान्याचे सारे भवितव्य त्यावर टांगले होते.

एका बड्या कंपनीने हरकत घेतली. त्या पुडीची कृती एका जुन्या जर्मन पुस्तकात होती. या स्फटिकसुयांचा उल्लेख नव्हता, पण कंपनी म्हणे, त्या कृतीने सुयाच पडतात. लिहिले नाही म्हणून काय झाले? पेटंट कचेरीने बजावले, "कधीमधी पडून चालणार नाही. दर वेळी पडल्या, तरच शोध जुना ठरेल."

श्यामकांत निर्धास्त होते. त्या कृतीने त्यांना पूर्वी नेहमी चिकट पूडच मिळाली होती. "माझ्याच कारखान्यात करून दाखवतो," ते म्हणाले.

दुर्गापूजेची सुट्टी संपताच कचेरीचे अधिकारी आले. खंडेनवमीला माझी पूजा झाली होती.

"अहो, आज नवा चंबू घ्या ना," पत्नी कालिंदीबाई म्हणाल्या.

"पूजेतला आहे हा. यानंच मला यश दिलं."

गळ्यावरचे कुंकू पुसू नये म्हणून त्यांनी माझा गळा आतूनबाहेरून घासलाच नाही. आत ओरखड्यात जुन्या सुईचा कण होता, खसखशीहून बारीक. दुधाला विरजण लागावे तसा तो निवत्या द्रावाला लागला. मला सारे कळत होते, पण काचेला वाचा कुठली?

तीनदा कृती झाली. तिन्ही वेळा सुया पडल्या.

"अगं, हे कसं झालं?" श्यामकांत एवढेच बोलले. अर्ज नामंजूर झाला, कारखान्याला कुलूप लागले. आपलीच चूक झाली असे मानत ते दोन वर्षांत गेले.

काल त्यांची मुलगी लीना कालिंदीबाईंबरोबर आली. ती आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिने मला छातीशी धरले. "आई, बाबा खोटे नव्हते. त्यांच्याच चंबूत मी ती कृती पुन्हा करून बघणार."

मला भीती वाटते. कुंकू अजून तसेच आहे, आणि आत तो कणही; पुन्हा सुयाच पडतील आणि तिलाही बाबा चुकले असेच वाटेल. मित्रांनो, जिच्यावर माया असेल ती वस्तू आधी नीट घासून घ्या. आणि लीनाला कुणीतरी सांगा, नवा चंबू घे म्हणावे. मला फोडून टाक.