एका खिळ्याची जागा

सकाळी घरातले दोघे जागे होण्याआधी वडिलांचे अंथरूण नाहीसे झालेले असे. ते उठत, पांघरुणाची आधी आडवी आणि मग उभी घडी घालत, चादरीची टोके जुळवत आणि सारे सोफ्याच्या पोटात ठेवून देत. सोफा बंद करताना त्याची स्प्रिंग कुरकुरे, म्हणून ती गुडघ्याने दाबून धरत. मग तक्के उभे करीत. न्हाणीघरात साबण वापरून झाला की तो पंच्याने टिपून कोरडा करीत आणि बेसिनवरचे थेंब पुसून घेत. चहाचा कप धुऊन, पुसून, होता तिथेच पालथा ठेवीत. सून बाहेर येई तेव्हा ते खिडकीशी पेपर वाचत बसलेले असत, आणि या खोलीत रात्री कोणी झोपले होते असे तिला शपथेवर सांगता आले नसते.

ही सवय धंद्यातली होती. वडिलांनी सारे आयुष्य एका लॉजवर खोल्या सांभाळण्यात घालवले होते. आधीच्या पाहुण्याचा मागमूस पुढच्या पाहुण्याला लागता कामा नये, एवढाच त्या कामाचा नियम. निवृत्त होऊन, पत्नीच्या पश्चात, ते मुलाकडे राहायला आले तेव्हा नियमही सोबत आला. फरक इतकाच, की इथे रोज रात्री येणारा पाहुणा एकच होता आणि सकाळी खोली आवरणाराही तोच.

मुलगा विमा कंपनीत कारकून होता. जुनी घरे घेऊन, दुरुस्त करून, विकून श्रीमंत कसे व्हावे, याचे एक शिबिर त्याने केले होते. शिबिर घेणारे गृहस्थ चांगल्या सुटातले होते आणि त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिले होते: घराच्या प्रेमात पडू नका. मुलाने ते वाक्य घरी आणले.

“आपण या घराच्याही कधी प्रेमात पडलो नाही,” सून भाजी चिरताचिरता म्हणाली, “म्हणजे निम्मा अभ्यास झालेलाच आहे.”

त्या दिवसापासून ती नवऱ्याला शेठ म्हणू लागली. तरी कर्जाच्या कागदांवर तिनेही सही केली. स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात तिचाही जीव गुदमरत होताच, आणि नफा झाला तर मोठे घर घेता येईल, हा हिशेब तिला नवऱ्याइतकाच पाठ होता. फक्त तो मोठ्याने बोलून दाखवायला ती तयार नव्हती.

मागच्या गल्लीत तळमजल्यावरचे एक बंद घर मिळाले. भिंतींना कमरेपर्यंत ओल होती, दरवाजे फुगून चौकटीत बसत नव्हते, स्वयंपाकघराचा ओटा मधोमध दुभंगला होता. शिबिरात अशा घराला संधी म्हणत. प्लंबरने भिंत फोडली तेव्हा एक नळी अशी सापडली की ती कुठून येत नव्हती आणि कुठे जातही नव्हती. प्लंबर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने ती आदराने परत बुजवली.

कामावर लक्ष ठेवायला वडिलांशिवाय मोकळे कोणी नव्हते. ते रोज डबा घेऊन जात, गवंड्याला सिमेंट किती भिजले ते विचारीत, रंगाऱ्याच्या मागे उभे राहून ब्रशचे केस भिंतीला चिकटले असतील तर नखाने काढीत. रंगारी त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचा. हळूहळू ओल गेली, ओटा सांधला, दरवाजे रंधा मारून घेतले. भिंतींना शिंपल्याचा म्हणून जो रंग लागला त्याला सून पांढरा म्हणाली, आणि तिचेच बरोबर होते.

मग दलाल आला. दलाल मनमोकळा माणूस होता. प्रत्येक खोलीत शिरताना तो टाळी वाजवून आवाज घुमतो का ते पाही. त्याने सांगितले की रिकामे घर लहान दिसते. घेणाऱ्याला घर नको असते, घरपण हवे असते. तेव्हा सामान मांडा.

भाड्याचे सामान परवडत नव्हते, म्हणून स्वतःचेच न्यावे असे ठरले. आधी जेवणाचे टेबल गेले. मग पडदे, आरसा, भिंतीवरचे घड्याळ, सुनेच्या माहेरचा दिवा, आणि वडील ज्यावर झोपत तो सोफाही. इकडे नवरा-बायको ओट्याशी उभे राहून जेवू लागले. एवढे सामान रात्री बेवारस कसे ठेवायचे, असा प्रश्न आला. तेव्हा वडील तिकडेच झोपतील असे ठरले. त्यांना मागची छोटी खोली देण्यात आली. तिला दार होते, आणि खिडकीतून शेजारच्या अंगणातले जांभळाचे झाड दिसे. दाराला आतून कडी होती. ती पहिल्या रात्री वडिलांनी लावून पाहिली, काढून पाहिली, आणि पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला विचारले, “खोलीत एक खिळा मारला तर चालेल का? सदरा अडकवायला.”

“बाबा, आत्ताच रंग दिलाय. भिंतीला भोक दिसलं की माणूस लगेच भाव पाडतो.”

“हो, तेही आहेच,” वडील म्हणाले, आणि सदरा रात्री दाराच्या मुठीवर ठेवू लागले. सकाळी तो तिथे नसे.

दलालाने सुचवले की घर बघायला माणसे येतील तेव्हा कोणीतरी घरात बसलेले असावे, म्हणजे वास्तू नांदती वाटते. वडील होतेच. पहिले कुटुंब आले तेव्हा ते आरामखुर्चीतून उठले, पाणी दिले, आणि जन्मभर पाहुण्यांना खोल्या दाखवल्या तशा खोल्या दाखवल्या: इथे दुपारी ऊन येते, हा नळ सकाळी जरा वेळ घेतो, ही खिडकी उघडायची तर आधी जराशी उचला. कुटुंब अगदी खूश झाले. निघताना त्या बाईंनी विचारले, की आजोबा, मग तुम्ही कुठे जाणार?

“मुलाकडे,” वडील म्हणाले. “तिथे हॉलमध्ये माझी सोय आहे.”

कुटुंबाचा निरोप आला नाही. दुसऱ्यांनाही घर पसंत पडले आणि त्यांचाही आला नाही. तिसऱ्यांपैकी एकाने जाताना वडिलांना वाकून नमस्कार केला. मुलगा दर वाढवावा की उतरवावा याची आकडेमोड करू लागला. शेवटी दलालानेच एकाला फोन करून खोदून विचारले, आणि मग तो मुलाच्या ऑफिसात येऊन बसला.

“घरात काही खोट नाही,” तो म्हणाला. “लोकांना वाटतं, आपण म्हाताऱ्याला बाहेर काढतोय. त्यांना राहत्या घरातून हाकलून आम्हाला सुख लागायचं नाही, असं म्हणाले. तुम्ही वडिलांना जरा बाजूला ठेवा.”

ते कसे सांगावे, हे मुलाला सुचेना. संध्याकाळी सुनेने सांगितले, आणि तेही तिने निराळ्या शब्दांत सांगितले: बाबा, उद्या सकाळी तुम्ही वाचनालयात जाऊन याल का. वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि कधीपर्यंत यायचे तेवढे विचारले.

दुसऱ्या दिवशी मुलाने रजा काढली आणि दलाल यायच्या आधी जाऊन कुलूप उघडले. वडील गेलेले होते. छोट्या खोलीत तो उभा राहिला. सोफा मिटलेला होता, तक्के उभे होते. त्याने कपाट उघडले, रिकामे. न्हाणीघरात साबण कोरडा होता, इतका की तो कागदातून नुकताच काढला असावा असे वाटले. दाराच्या मुठीवर काही नव्हते. वडील इथे कित्येक रात्री झोपले होते, आणि तसे सिद्ध करायला मुलाला एक केसही सापडला नाही. विमा कंपनीत असा दावा त्याने स्वतः नामंजूर केला असता.

मग त्याच्या ध्यानात आले, की ही खोली त्याच्या ओळखीची आहे. रोज सकाळी दात घासत तो बाहेर येई तेव्हा त्याचा स्वतःचा हॉल अगदी असाच दिसे. त्याला तो नीटनेटकेपणा वाटत आला होता.

नवे जोडपे आले. नवरा भिंतींवर टकटक करीत हिंडला, बायको ओट्यापाशी उभी राहून काल्पनिक पोळ्या लाटल्यासारखी मोजमापे घेऊ लागली. घर त्यांना आवडले होते; दलालाने मागून मुलाला डोळ्याने तसे कळवलेही. छोट्या खोलीत येऊन बाई म्हणाली, “ही खोली अगदी नवी दिसते. इथे कोणी राहत नव्हतं ना?”

दलाल नाही म्हणायला तोंड उघडत होता.

“वडील राहतात,” मुलगा म्हणाला.

दलाल खोकला.

“त्यांची खोली आहे ही. तुम्हाला विकायचंय ते घर दुसरं आहे, पुढच्या रस्त्यावर. वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. लहान आहे, पण बसथांबा जवळ. सध्या रिकामंच आहे म्हणा ना.”

त्याने खिशातून स्वतःच्या घराची किल्ली काढून दलालाच्या हातावर ठेवली. दलालाने ती उलटीपालटी करून पाहिली. धंद्यात त्याने बरेच पाहिले होते. तो जोडप्याला घेऊन निघून गेला. मुलाने बायकोला फोन लावला आणि दलाल माणसे घेऊन येतोय, असे सांगितले. इकडे कशाला, असे तिने विचारले. त्याने कारण सांगितले.

“शेठ,” ती म्हणाली, “फळ्यावर काय लिहिलं होतं तुमच्या?” मग म्हणाली, “ठेवा फोन. केर काढायचाय.”

गवंड्याने विसरलेला हातोडा ओट्याखाली होता. खिळे एका डब्यात होते. त्यातला एक लांब, न गंजलेला त्याने निवडला. दाराशेजारच्या भिंतीवर, वडिलांच्या खांद्याच्या उंचीचा अंदाज घेऊन, त्याने तो ठोकला. भोवतालचा थोडा रंग उडाला. पडलेली पांढरी भुकटी त्याने तशीच राहू दिली.

वडील दुपारी सांगितलेल्या वेळेला आले. घर गेले का, असे त्यांनी विचारले. दुसरे जातेय, असे मुलगा म्हणाला. वडील छोट्या खोलीत गेले. मागोमाग मुलगा दाराशी जाऊन उभा राहिला.

“रंग उडालाय इथे,” वडील म्हणाले. “पुट्टी भरून घेतली पाहिजे.”

“राहू दे.”

वडिलांनी खिळा बोटाने हलवून पाहिला. तो घट्ट होता. त्यांनी अंगातला सदरा काढला, कॉलर सारखी केली आणि खिळ्याला अडकवला.