ओसरीवरची चटई

"आज दोघीपण बाजूला?" अनुसूयाकाकूंनी ताटं दुरूनच सरकवली.

"व्हय काकू," निता म्हणाली. शेजारी बसलेल्या देवश्रीनं पुस्तकात तोंड खुपसलं.

हिंगोलीतल्या त्या घरात भाड्यानं राहायचं तर नियम एकच. काकूंचे यजमान विश्वंभरकाका देवळात पूजेला, त्यामुळे घर सोवळ्याचं. पाळी आली की पोरीनं ओसरीवरच्या चटईवर बसायचं, पाण्याला शिवायचं नाही. देवश्रीची पाळी वक्तशीर. निताची मात्र दिवाळीपासून आलीच नव्हती. बी.एस्सी.चा फिजिक्सचा पेपर राहिला आणि झोप गेली, जेवण चहावर आलं, मागोमाग पाळीनंही काढता पाय घेतला.

काकूंना कळलं तर तांड्यावर फोन जाणार. बापानं, प्रेमसिंगनं, पोचवायला आला तेव्हाच बजावलं होतं, "कुणाचा एक फोन आला ना, तर ट्रंक उचलायची." आणि पोरीची पाळी चुकली म्हटल्यावर तांड्यावर फिजिक्सचा विचार कोण करणार? म्हणून देवश्री बसली की निताही बसायची. हिशेब चोख होता. वर चटईवर काम नाही, अभ्यासाला दिवस मोकळा. लबाडी करावी तर अशी सोयीची.

देवश्री कॉलेजला गेली तशा काकू बाहेर आल्या.

"ऊठ. घागर भरून आण."

"काकू, मी बाजूला..."

"बाजूला देवश्री आहे. मोरीतला कचरा घंटागाडीत मीच टाकते गं. दोघींच्या नावानं एकीचाच निघून राहिला."

"काकू, तुमी समजता तसलं काही न्हाई. देवाशप्पथ."

"देवाला काहून मधात ओढते? चप्पल घाल."

फुलं आणायला जाते असं काकांना सांगून काकूंनी तिला थेट बाईडॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. तसलं खरंच काही नव्हतं. मग म्हणाल्या, "ताणानं होतं असं. झोप-जेवण तुटलं की पाळी थांबते. थायरॉइड, हार्मोन्स बघून घेऊ. काय खातेस?"



"चहा," काकूंनी परस्पर सांगून टाकलं. "आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते."

बाहेर पडल्यावर निता पुटपुटली, "घरी फोन करनार का काकू?"

काकू फुलवाल्याकडे शेवंती निवडत होत्या. "करीन ना. म्हणीन, पोरगी पोटभर जेवून राहिली. आता खोटं पाडू नको मला."

थायरॉइड थोडं बिघडलेलं निघालं. रोज सकाळी गोळी आणि काकूंच्या नजरेखाली भाकरी सुरू झाली.

पाळी आली ती नेमकी फिजिक्सच्या पेपरच्या सकाळी. आवरून निता चटईपाशी उभी होती. अंघोळ करून, सोवळं नेसून काकू दह्याची वाटी घेऊन आल्या.

"काकू, आज खरंच."

काकू थबकल्या. न शिवता काकू दही वरूनच टाकतील म्हणून नितानं ओंजळ खाली धरली. काकूंनी तिचं मनगट घट्ट पकडलं आणि तळहातावर दही ठेवलं.

"हात सरळ धर. सांडतंय."

निता फाटकापाशी पोचली, तेव्हा मागे मोरीत अंघोळीची बादली पुन्हा भरत होती.